पिवळी रेघ

सकाळी साडेनऊच्या सुमारास, प्रदर्शनाच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये, पाण्याच्या बाटल्यांचं खोकं टेबलाखाली सरकवायला भिंगबाई वाकल्या आणि त्यांना लेकीच्या रोबोच्या हातावर एक पिवळी रेघ दिसली. करंगळीच्या नखाएवढी. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या पट्टीवर. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती, आणि दिसली असती तरी त्याचं काही वाटलं नसतं. सातशे पोरं, तीस-बत्तीस देशांचे झेंडे, मोटारींची घरघर, मधूनच कुठल्या तरी टेबलावरून उठणारा आरडाओरडा, त्यात एका स्क्रूवरच्या रंगाचं कुणाला काय पडलंय? पण बाईंना पडलं होतं. त्या वाकलेल्या तशाच राहिल्या. शेवटी खारूनं, म्हणजे त्यांच्या चौदा वर्षांच्या लेकीनं, "आई, कंबर धरली का?" असं विचारलं तेव्हा त्या सरळ झाल्या. "नाही गं, खोकं जड आहे," त्या म्हणाल्या. खोकं काही जड नव्हतं. त्यांनी ते घाईनं आत ढकललं, कारण लेकीची नजर त्यांच्यासारखीच तिखट होती.

अशी रेघ बाईंच्या ओळखीत एकाच ठिकाणी ओढली जायची. त्यांच्या कारखान्यात, आणि तिथंही त्यांच्याच हातानं. कारखान्यात लिफ्टचे ब्रेक तयार होत. एका ब्रेकला चौदा बोल्ट. कामगार बोल्ट आवळायचे आणि बाई ते खरंच आवळलेत का हे बघायच्या. नीट असला तर पिवळ्या पेनानं बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढायच्या. पुढे कधी तो बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे व्हायचे आणि चार हातांवरूनही कळायचं. साधी युक्ती. बाईंना तिचा फार अभिमान होता, कारण तिच्यात कुणाच्या शब्दाचा प्रश्नच येत नव्हता. बोल्ट गप्प, रेघ गप्प, आणि दोघं मिळून खरं बोलणार. बावीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं म्हणून त्या भिंगबाई. हे नाव त्यांच्या पाठीमागे पडलं, मग तोंडावर आलं, मग पगाराच्या पाकिटावर तेवढं यायचं राहिलं. त्यांचं त्याला काही म्हणणं नव्हतं. आपल्या हातून गेलेल्या एकाही ब्रेकनं कधी माणूस पाडला नाही, हे त्या मनातल्या मनात दिवसातून एकदा तरी म्हणत. घरी आल्यावर मात्र भिंग काढून ठेवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी आधी सांगणाऱ्याला नीट बघून घेतलं असतं.

स्पर्धेचा नियम सोपा होता. रोबो मुलांनी करायचा, मुलांनीच चालवायचा. मोठ्या माणसाचा हात त्याला लागता कामा नये, ना पाना, ना बोट. पालकांना तसं लिहून द्यावं लागलं होतं. इतर आयाबापांनी शाळेच्या फाटकात उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. बाईंनी कागद घरी आणला, तीनदा वाचला, सही केली आणि त्या दिवसापासून घरातल्या खिडकीजवळच्या त्या टेबलाकडे पाठ फिरवली, ती अगदी अक्षरशः. पाच महिने त्यांनी तिकडे पाठ करून भाजी चिरली, पाठ करून कपड्यांच्या घड्या घातल्या. खारू, तिच्या वर्गातली लांबू आणि चष्मेवाला असे तिघं तिथं बसून भांडायचे, काहीतरी पडायचं, मोटार कण्हायची, आणि बाई भिंतीकडे तोंड करून "पडलं का रे काही?" एवढंच विचारायच्या. हे सोपं नव्हतं. ज्या बाईला शेजारणीच्या दाराची कडी सैल दिसली तरी चैन पडत नाही, तिनं स्वतःच्या पोरीच्या स्क्रूंकडे पाच महिने बघायचं नाही म्हणजे उपासच होता. तो त्यांनी नेटानं केला होता. आणि आता इथं, स्पर्धेच्या पहिल्याच सकाळी, स्वयंसेवक पालकाचं निळं कार्ड गळ्यात घालून, दोरीच्या आतल्या बाजूला, त्यांच्यासमोर त्यांच्याच कारखान्यातली रेघ उभी होती. इतकी सरळ, इतकी नेमकी, की ती चौदा वर्षांच्या मुलीनं ओढली असं त्यांना काही केल्या वाटेना.

मग कुणी? मनात पाल चुकचुकली आणि चुकचुकतच राहिली. घरात पाना धरता येणारं दुसरं माणूस एकच होतं. बाईंचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. बसस्टँडमागे त्याचं एवढंसं दुकान होतं आणि त्याच्या हाताला यश होतं, हे बाईही मान्य करत. पण त्याला एक वाईट सवय होती. दुसऱ्याचं अडलेलं काम त्याला बघवायचं नाही. कुणी गाठ सोडवत बसलेलं असलं की हा "आण इकडे" म्हणणार. तिसरीत असताना खारूला शाळेत पवनचक्की करून न्यायची होती, तर ह्यानं एका रविवारात अशी पवनचक्की केली की पात्यांना बेअरिंगं. पहिला नंबर आला. बाई महिनाभर त्याच्याशी नीट बोलल्या नव्हत्या, आणि त्याला अजूनही वाटायचं की बायको बक्षिसावर जळली. आता बाईंना एकेक आठवायला लागलं, आणि जे आठवेल ते बरोबर खाचेत जाऊन बसायला लागलं. ह्या महिन्यात त्यानं तीनदा दुकान लवकर बंद केलं होतं. त्या घरात शिरल्या की बापलेकीचं बोलणं मध्येच तुटायचं आणि खारू एकदम भूगोलाचं काहीतरी विचारायची. टेबलाचा खण धाडकन बंद व्हायचा. मागच्या आठवड्यात त्याच्या अंगठ्यावर पिवळा डाग होता. "हे काय?" "मशीनचा रंग." शिवणयंत्रं पिवळी कधीपासून व्हायला लागली? तेव्हाच विचारायला हवं होतं. बाईंना स्वतःचाच राग आला. बावीस वर्षं परक्यांचे बोल्ट तपासले आणि घरात पाणी मुरत होतं ते दिसलं नाही.

आणि पेन! त्यांचं पिवळं पेन दीड महिन्यापूर्वी पिशवीतून गेलं होतं. कारखान्यात पेनं मोजून मिळतात. बाईंनी पिशवी उलटी केली, कप्पा उलटा केला, आणि शेवटी भांडारावरच्या माणसाचं नाव वरती कळवलं, कारण त्या दिवशी तोच दोनदा त्यांच्या टेबलापाशी घुटमळला होता. त्याला बोलावून विचारलं गेलं. तो काही बोलला नाही, पण तेव्हापासून बाई भांडारात गेल्या की तो वस्तू काउंटरवर ठेवायचा आणि पाठ वळवायचा. मागितलेलं द्यायचा, एक शब्द न बोलता. बाईंना वाटायचं, चोराच्या मनात चांदणं. आता त्या रेघेकडे बघताना त्यांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. पेन घरातच होतं. त्यांच्याच घरातल्या कुणाच्या तरी हातात.

सकाळची सरावाची वेळ संपली. रोबोनं टेबलावरचे रंगीत ठोकळे उचलून कप्प्यांत ठेवायचे होते, अडीच मिनिटांत, कुणी मध्ये बोट न घालता. खारूच्या रोबोनं ते दोन मिनिटं दहा सेकंदांत केलं. लांबूनं उडी मारली, चष्मेवाल्याचा चष्मा घसरला, मुलांना इथवर घेऊन आलेल्या विज्ञानाच्या सरांनी रुमालानं मान पुसली. शेजारच्या टेबलावरच्या हिरव्या टोप्या घातलेल्या तीन मुलींनीही टाळ्या वाजवल्या. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या, भाषा अगदीच वेगळी, पण काल, मांडामांडीच्या दिवशी, त्यातली सगळ्यात बुटकी येऊन हातवारे करून चिकटपट्टी मागून घेऊन गेली होती आणि परत देताना टेबलाजवळ उभी राहून रोबोकडे टकामका बघत होती. बाईंनी तेव्हा तिच्याकडेही जरा रोखूनच बघितलं होतं. आता त्यांनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण त्यांच्या डोक्यात दुपारचे दोन वाजत होते. दोन वाजता परीक्षक प्रत्येक टेबलाशी येणार होते. रोबोचा एखादा भाग दाखवून म्हणणार होते, हा काढ आणि परत बसव. असाच का बसवलास ते सांग. ज्याला सांगता येणार नाही त्याचा संघ घरी. बाईंना परीक्षकांच्या बोटाची जागासुद्धा दिसत होती. ते नेमकं त्या रेघेवर येणार.

कारण असं बोट त्यांनी पाहिलं होतं. त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि शाळेत शिवणाची परीक्षा होती. लहान मुलीचा झगा, पाठीवर पाच बटणं, पाच काजं. दोन काजं त्यांनी घातली, ती वेडीवाकडी झाली, त्या रडल्या, आणि झोपल्यावर मावशीनं प्रेमानं बाकीची तीन घालून ठेवली. एकसारखी, जशी कारखान्यातून आलेली. परीक्षेच्या बाईंनी तिसऱ्या काजावर बोट ठेवलं. "हे तू घातलंस?" "हो." "मग आत्ता एक घालून दाखव." सुई दिली, दोरा दिला. चाळीस मुली बघत होत्या. दोरा ओवता ओवताच घाम आला, पहिला टाका पडला, दुसऱ्याला कापड गोळा झालं, आणि मग नुसतं उभं राहणं होतं, किती वेळ कोण जाणे. परीक्षेच्या बाई रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. त्यांनी झगा घडी करून परत दिला. घरी मावशीनं विचारलं, "किती मार्क?" तर तिला काय सांगायचं? तिनं काही वाईट केलं नव्हतं. ते प्रेम होतं, आणि त्या प्रेमाला आपण ह्या जन्मात माफ करू शकणार नाही, हे त्या अकरा वर्षांच्या मुलीला तिथंच कळलं होतं. त्यानंतर त्यांनी कुणाची मदत घेतली नाही आणि कुणी "मी केलं" म्हटलं की ते पोटात उतरू दिलं नाही.

भिंगबाई हॉलच्या मागच्या जिन्यात गेल्या आणि नवऱ्याला फोन लावला. पलीकडे मशीनची खडखड चालू होती.

"अहो, खरं सांगा. रोबोला हात लावलात का तुम्ही?"

"मी? मी कशाला लावू?"

"मी विचारलं, लावलात का."

"अगं, झालंय काय? पोरं बरी आहेत ना?"

"त्याच्यावर पिवळ्या रेघा आहेत. माझ्या पेनाच्या."

खडखड थांबली. "हे बघ," तो म्हणाला, "ते तू तिलाच विचार. मी त्यात पडत नाही."

"म्हणजे आहे काहीतरी."

"म्हणजे काही नाही. गिऱ्हाईक उभं आहे. तीनपर्यंत मी येतोच आहे तिकडे. आणि एक ऐक, आज तरी जरा शांत बस."

बाईंनी फोन खाली घेतला. साध्या प्रश्नाला साधं उत्तर नाही म्हणजे झालंच. तिला विचार म्हणे. काय विचारायचं, भर हॉलमध्ये, सरांसमोर, त्या लांबूसमोर? आणि पोरीनं "मीच केलं" म्हटलं तर? तसंच त्याही म्हणाल्या होत्या, "हो," किती पटकन, किती सहज. विचारून काही कळत नाही, हे बाईंना जितकं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच ठाऊक नव्हतं.

साडेबाराला मुलं डबे खायला गेली. जाण्याआधी खारू रोबोभोवती फोन घेऊन गोल फिरली आणि तिनं चारी बाजूंनी फोटो काढले. हौस आहे, बाईंना वाटलं. "आई, तू बसशील ना इथं? कुणाला जवळ येऊ देऊ नकोस." "बसते." सरही गेले. हॉल हळूहळू रिकामा झाला; शेजारच्या हिरव्या टोप्याही जरा वेळानं पाव हातात घेऊन बाहेर गेल्या. पंख्यांचा घूं घूं आवाज तेवढा राहिला, आणि कुठं तरी लांब एक चाक उगाच फिरत होतं, बंद करायचं विसरलेलं. बाई स्टुलावर बसल्या. रोबो त्यांच्यासमोर बसला होता. पाच महिने त्याच्याकडे न बघितलेल्या बाईंनी आता त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांना वाटलं, काय सुंदर आहे हे. वायरी एका अंगानं वळवलेल्या, पट्ट्यांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, बोट फिरवलं तरी कापणार नाही अशा. एकतीस स्क्रू होते. एकतीस रेघा. त्यांनी भिंग लावून एकेक बघितली. कुठं थेंब नाही, कुठं हात हललेला नाही. अभिमानानं मान वर केली आणि त्याच क्षणी संशयानं त्याचं मानगूट धरलं. इतकं चांगलं? चौदाव्या वर्षी? बाईंना स्वतःला अशी रेघ जमायला दोन वर्षं लागली होती.

एक गोष्ट त्यांना येत होती जी परीक्षकांना येत नव्हती. आवळलेला स्क्रू सुटताना पहिल्या झटक्यात सांगतो की त्याला कुणी आवळलंय. कारखान्यात ही थट्टेची गोष्ट होती. भिंगबाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि दहा बोल्ट सोडायला द्या, त्या दहा माणसांची नावं घेतील. पैजा लागत आणि बाई जिंकत. नवऱ्याचा हात तर त्या झोपेतही ओळखतील. तो आवळायचा, थोडं मागं यायचा आणि परत आवळायचा, त्यामुळे त्याचा स्क्रू सुटताना आधी कुरकुरतो आणि मग सुटतो. लहान मुलं जीव खाऊन आवळतात, त्यांचा स्क्रू तिरका बसतो आणि डोकं खाल्लेलं असतं. एकच स्क्रू. पाव फेरा. कळेल तरी. नवऱ्याचा निघाला तर? तर मुलं यायच्या आत सरांना गाठायचं आणि आपणच संघ मागं घ्यायला सांगायचं, परीक्षकांचं बोट पडण्याआधी. निदान पोर सगळ्यांसमोर उभी राहणार नाही. हे सगळं बाईंना इतकं लख्ख दिसत होतं की दुसरं काही दिसेना. सही केलेला कागद आठवला नाही असं नाही. पण तपासणं म्हणजे हात लावणं, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. बावीस वर्षं त्यांनी लाखो बोल्टांना हात लावला होता आणि त्याला कुणी कधी हात लावणं म्हटलं नव्हतं.

ट्रेमधली स्क्रू फिरवायची अ‍ॅलन की त्यांनी उचलली, स्क्रूत बसवली, डोळे मिटले आणि फिरवली.

स्क्रू कुरकुरला नाही. खाल्लेलाही नव्हता. टक् करून अगदी स्वच्छ सुटला, आणि बाईंच्या बोटांनी तो हात ओळखला, पण नाव यायला क्षणभर वेळ लागला, कारण हा हात त्यांनी बाहेरून कधी बघितलाच नव्हता. बोटानं टेकवायचा, मग पाव फेरा, मग हात काढून घ्यायचा. हा त्यांचाच हात होता. ह्या रोबोला त्यांनी आयुष्यात कधी शिवलं नव्हतं आणि तरी तो त्यांचाच होता. मग त्यांना दिसलं, कुकरची दांडी सैल झालीय, खुर्चीचा पाय हलतोय, त्या खाली बसून आवळतायत आणि शेजारी पाच वर्षांची, सात वर्षांची, दहा वर्षांची खारू गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलीय. त्या तोंडानं पुटपुटतायत, टेकव, पाव, बास. आपण कुणाला शिकवतोय असं त्यांना वाटलंही नव्हतं. पोरीनं नुसतं बघून घेतलं होतं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांना हसू यायला लागलं, त्या एकट्याच त्या रिकाम्या हॉलमध्ये तोंडावर हात धरून हसल्या, आणि मग त्यांची नजर खाली गेली.

रेघेचे दोन तुकडे झाले होते.

त्यांनी पटकन की फिरवली, टेकव, पाव, बास, आणि तुकड्याला तुकडा अचूक आणून भिडवला. डोळ्यांना रेघ पुन्हा अखंड दिसत होती. भिंगातून मात्र मध्ये केसाएवढी चीर दिसत होती. वाळलेला रंग एकदा तुटला की तो जुळतो, सांधत नाही. ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पण कोण बघणार भिंगातून, त्यांनी स्वतःची समजूत घातली. की ट्रेमध्ये होती तशी ठेवली. हात मांडीवर ठेवले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटत होतं की तपासणारा जरा आळशी निघावा.

खारू आली ती हात पुसतच आली आणि बसायच्या आधी तिनं फोन काढला. एकेक फोटो मोठा करायचा, स्क्रूशी धरायचा, पुढं जायचं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. ते फोटो हौसेचे नव्हते. पोर आईच्याही चार पावलं पुढं गेली होती. सातव्या की आठव्या स्क्रूला ती थांबली. फोटो अजून मोठा केला. नाक स्क्रूला लागेल इतकी वाकली.

"हा कुणीतरी फिरवलाय," ती म्हणाली.

"काय?" लांबू म्हणाली. "रेघ तर आहे."

"तुटलीय. बघ नीट. फिरवून परत आणलाय. माहितगार आहे कुणीतरी." खारू उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आई, कोण आलं होतं इथं?"

बाईंनी ट्रेमधल्या कीकडे बघितलं.

"ती आली होती काल," चष्मेवाला म्हणाला आणि त्यानं शेजारच्या टेबलाकडे मान उडवली. "हिरवी टोपी. ती बुटकी. सारखी बघत होती."

"आपण जेवायला निघालो तेव्हा त्या इथंच खात होत्या," लांबू म्हणाली. "टेबलावरच."

आणि मग सगळं भराभर झालं. सर धावत आले, "तक्रार करायची का, नक्की का?" आणि खारू म्हणाली, "नक्की, माझ्याकडे फोटो आहेत." पांढऱ्या दाढीचे परीक्षक आले, त्यांच्याबरोबर कागदांची पाटी घेतलेली एक तरुणी. खारूनं आधीचा फोटो दाखवला, आत्ताचा स्क्रू दाखवला, भिंग मागितलं. बाईंनी गळ्यातलं भिंग काढून दिलं. परीक्षकांनी बघितलं आणि हळूच मान हलवली. "कुणावर संशय आहे?" चौदा वर्षांच्या त्या बोटानं शेजारच्या टेबलाकडे दाखवलं. बुटकी मुलगी पाव खात होती. तिला भाषा कळत नव्हती, पण बोट कळत होतं. तिनं पाव खाली ठेवला, टोपी काढली, परत घातली, आणि उभी राहिली, आपण काय केलं ते आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी. तिच्या मैत्रिणी तिच्यापासून नकळत अर्धं पाऊल बाजूला सरकल्या. बाईंना ते अर्धं पाऊल सहन झालं नाही. भांडारावरच्या माणसाची पाठ त्यांना आठवली. तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं.

"मी फिरवला," त्या म्हणाल्या. कुठं तरी मोटार सुरू झाली आणि आवाज त्यात गेला. त्यांना परत म्हणावं लागलं. "तिनं नाही. मी फिरवला."

सगळे त्यांच्याकडे वळले. परीक्षकांनी आधी निळ्या कार्डाकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. माणूस मऊ होता. "तुमचा चुकून धक्का लागला असेल," ते सावकाश म्हणाले, शब्द त्यांच्यासमोर ठेवत. "पुसताना वगैरे. तसं असेल तर फक्त ताकीद देतो. दुपारची फेरी होऊन जाईल." सरांनी डोळ्यांनी खूण केली, हो म्हणा. लांबूनं हात जोडल्यासारखे केले. एक "हो" पुरे होता. बाईंना तो जिभेवर आलेला जाणवला, गोड, सोपा, आईनं पोरीसाठी म्हणायचा. मावशीनंही अशाच मायेनं सुईत दोरा ओवला असेल. आणि समोर खारू उभी होती, हातात आईचं भिंग घेऊन, आणि त्यांच्याकडे बघत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "मुद्दाम फिरवला. की घेऊन."

तरुणीनं पाटीवर लिहून घेतलं. परीक्षक आता दुसऱ्याच आवाजात बोलले. मोठ्या माणसाचा हात लागला, आजच्या फेरीचं शून्य धरावं लागेल. उद्याची फेरी आहे, ती खेळा. पण आज आणि उद्या मिळून बेरीज होते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि शून्यात कितीही मिळवलं तरी बक्षिसाच्या जवळपास कुणी जात नाही. लांबू रडायला लागली. चष्मेवाल्यानं चष्मा काढून खिशात घातला. सर बुटांकडे बघत होते. हिरव्या टोपीच्या मुलीला तिच्या मैत्रिणींनी मिठी मारली आणि काय घडलं ते अजून तिला कळलं नव्हतं.

"का?" खारूनं विचारलं.

"बघायला."

"काय बघायला?"

"कुणी आवळलाय ते."

खारूनं भिंग टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "बाबांनी, असं वाटलं तुला." हा प्रश्न नव्हता. "मी बाबांच्या दुकानात जुन्या मशीनवर रेघा ओढून शिकले. तुझं पेन मी घेतलं. बाबांना मीच सांगितलं होतं, आईला बोलू नका, ती तपासत बसेल. स्पर्धा झाली की दाखवणार होते."

"खारू, तो तुझाच हात होता. मला कळलं. अगदी स्वच्छ सुटला. मी इतकी—"

"मला विचारायचं होतंस."

बाईंचा हात गळ्यातल्या भिंगाकडे गेला; ते तिथं नव्हतं.

"मी सांगितलं असतं तर पटलं असतं तुला?"

ह्याचं उत्तर दोघींना ठाऊक होतं. खारू तरुणीकडे वळली. "ह्यांना दोरीच्या पलीकडे उभं करता का?" ती म्हणाली. ह्यांना. बाईंनी गळ्यातलं निळं कार्ड स्वतःच काढून दिलं आणि त्या दोरीखालून वाकून बाहेर गेल्या. तिथं इतर आया होत्या, बाप होते, कुणी डबा खात होतं, कुणी झेंडा हलवत होतं. त्यांच्यात जागा करून त्या उभ्या राहिल्या. लाज वाटत होती, लेकीच्या पाच महिन्यांचं आपण पाव फेऱ्यात काय करून ठेवलं ते समोर दिसत होतं, आणि तरीही त्यांची नजर टेबलावरून हलत नव्हती.

खारूनं खोकं उघडलं, एक रिकामी डबी घेतली आणि रोबो आडवा केला. पहिला स्क्रू सोडून डबीत टाकला. मग दुसऱ्याकडे वळली. लांबू म्हणाली, "अगं, एवढे सगळे?" खारूनं नुसतं हूं केलं. ती एकतीसच्या एकतीस काढणार होती. उद्याच्या फेरीला अजून वीस तास होते, पण अख्खा रोबो सोडून परत बसवायचा, तपासायचा, रेघा ओढून वाळवायच्या, म्हणजे रात्र जागावी लागणार होती. बाईंना राहवलं नाही. दोरीवर ओणव्या होऊन त्या ओरडल्या, "खारू, बाकीच्यांना मी हात नाही लावला गं! तो एकच फिरवला. बाकीचे आहेत तसे आहेत."

खारूनं मान वर केली नाही.

"ते तू सांगतेस," ती म्हणाली, आणि दुसऱ्या स्क्रूत की घातली.